जुन्या शिडाच्या बोटीचं डेक गुळगुळीत झालंय, पुन्हा खरखरीत कसं करायचं?

जयगडखाडी | १८ नोव्हेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदा धागा काढतोय कारण या विषयावर मराठीत कुठेच काही सापडेना.

माझ्याकडे २६ फुटी फायबरची शिडाची बोट आहे, १९८६ ची बांधणी. मुंबईतल्या एका गृहस्थांकडून घेतली त्याला सहा वर्षं झाली, तेव्हापासून जयगडच्या खाडीतच असते. पावसाळ्यानंतर दोन फेऱ्या मारल्या आणि परवा कार्तिकी पौर्णिमेच्या उधाणात पुन्हा वर घेतली. कील, म्हणजे तळाखालचं पातं, उचलता येतो तिचा, त्यामुळे वाळूवर छान टेकते.

वर घ्यायचं कारण असं की दुसऱ्या फेरीत संध्याकाळी वायव्येचा वारा चढला म्हणून पुढचं शीड उतरवायला धाकटा भाऊ नाळेकडे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला गेला, डेकवर पाण्याचे शिंतोडे होते, त्याचा पाय सरकला आणि नडगी थेट क्लीटवर, दोर बांधायच्या खुंटीवर. सात टाके पडले. कडेच्या वायररोपनं अडवला म्हणून पाण्यात गेला नाही, नाहीतर त्या वाऱ्यात वळून त्याच्यापर्यंत यायला मला किती वेळ लागला असता ते मनात आलं की अजून झोप लागत नाही.

डेकवर मुळात साच्यातूनच आलेली शंकरपाळ्यासारखी नक्षी होती. आता मधल्या वाटेवर ती पूर्ण झिजलीय, हाताचं बोट फिरवलं तर पांढरी पूड लागते, आणि कडेच्या वायररोपच्या खांबांच्या बुडाशी कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा आहेत.

माझा विचार असा की हार्डवेअरच्या दुकानातून चांगला ऑइलपेंट आणायचा, किनाऱ्यावरची वाळू चाळून त्यातच ढवळायची आणि रोलर मारायचा. दोन रविवारात होईल. काही चुकत असेल तर सांगा.

---

तांडेलाचा_नातू | १८ नोव्हेंबर, रात्री १०:२५

दादा, भाऊ बरा आहे ना आता? ते आधी सांगा.

किनाऱ्यावरची वाळू नको. आमच्या मुरूडकडे एकानं हाच प्रयोग केला होता, पहिल्या पावसाळ्यात सगळं पापुद्र्यासारखं सुटलं. वाळूत मीठ असतं, धुतली तरी पूर्ण जात नाही, आणि मीठ हवेतला ओलावा ओढतं, मग रंगाखाली फोड येतात. शिवाय शिंपल्यांची कच असते ती पायाखाली मोडते आणि मोडली की कडा चाकूसारखी. तुमच्या रत्नागिरीकडची काळी वाळू तर मुळीच नको, ती इल्मेनाइटची, साध्या वाळूच्या जवळपास पावणेदोनपट जड, डब्यात ढवळली की तळाला जाऊन बसणार. आणि काळ्या रंगानं डेक तापेल ते वेगळंच.

आजोबांच्या मचव्यावर असलं काही लागायचंच नाही, लाकडाची फळी ओली झाली तरी पाय धरून ठेवायची. फायबरचं तसं नाही, त्याला खरखरीतपणा आपणच द्यावा लागतो.

वाळू हवी तर सिलिका वाळू घ्या. कणकवली तालुक्यात कासार्ड्याला तिच्या खाणीच आहेत, तुम्हाला लांब नाही. बारीक साखरेच्या दाण्याएवढी, एकसारखी चाळलेली मागा.

---

सागरवेडी | १९ नोव्हेंबर, सकाळी ७:१०

ऑइलपेंटला माझाही विरोध. उन्हात एका वर्षात खडूसारखा होतो, मीठ आणि पायांची घासण दोन्ही त्याला सोसत नाही. दोन डब्यांचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग घ्या, बेस आणि हार्डनर वेगळे असतात तो.

आम्ही मालवणला आमच्या छोट्या बोटीवर ईव्हीए फोमचे शीट चिकटवले होते. पायाला मऊ, बसायला सुख, एका दिवसात काम झालं. पण दुसऱ्या मे महिन्यात कडा उचलल्या, त्याखाली मीठ आणि घाण साठली आणि मागे राहिलेला गोंद खरवडायला माझे पंधरा दिवस गेले. कॉकपिटमध्ये बसायच्या जागेला अजूनही लावीन, नाळेकडे मात्र नाही. रबर आणि कॉर्कचे जाड शीट येतात, ट्रेडमास्टर वगैरे, ते इपॉक्सीनं (दोन भाग मिसळून कडक होणारा गोंद) चिकटवतात, पकड फार छान आणि वर्षानुवर्षं टिकतात, पण महाग आणि बाहेरून मागवायला लागतात.

---

फायबर_मिस्त्री | १९ नोव्हेंबर, दुपारी २:०५

वीस वर्षं फायबरचंच काम करतोय म्हणून जरा स्पष्ट लिहितो, राग मानू नका. तुम्ही सगळे रंगावर बोलताय. रंग शेवटच्या दोन दिवसांचं काम आहे. तुमच्या पोस्टमधलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे ते खांबांच्या बुडाशी चिरा आहेत हे.

त्या काळच्या बोटींचं डेक म्हंजे सँडविच असतं. वर फायबरचा पातळ थर, खाली फायबरचा थर आणि मधे बहुतेक वेळा बाल्सा लाकूड, कधी प्लाय, कधी फोम. शर्यतीच्या जे-२४ शिडाच्या बोटी घ्या, त्यांनाही बाल्साच. हलकं आणि ताठ डेक मिळतं म्हणून तसं करतात, कल्पना उत्तम आहे. पण खांब, क्लीट, विंच (दोर ओढायचं चाक), हॅच (डेकमधलं झाकणाचं दार) जे जे बोल्टनं बसवलंय त्या प्रत्येक भोकातून पाणी आत जाऊ शकतं, आणि एकदा आत गेलं की वरून-खालून फायबर असल्यानं त्याला बाहेर यायला वाटच नाही. बाल्सा आतल्या आत कुजतं. त्यावर तुम्ही कितीही भारी रंग मारा, पायाखाली डेक लवणार आणि रंगाला चिरा जाणार.

तेव्हा असं करा. स्क्रूड्रायव्हर उलटा धरा, मुठीच्या बाजूनं, आणि सगळं डेक वीतवीत अंतरावर ठोकत जा. सकाळच्या शांततेत करा. चांगल्या जागी टणटण वाजेल, खराब जागी बद्द, ओल्या मडक्यासारखं. जिथे आवाज बदलतो तिथे खडूनं रेघ मारा. मग चिरा असलेल्या खांबांचे बोल्ट काढून भोकात बघा. ते झालं की इथे लिहा, मग पुढचं बोलू. तोवर रंगाचा डबा विकत घेऊ नका.

---

जयगडखाडी | २४ नोव्हेंबर, रात्री ८:१५

तांडेलाचा_नातू, भाऊ ठीक आहे, टाके निघाले, विचारल्याबद्दल मनापासून आभार.

मिस्त्रीसाहेब, तुमचं खरं निघालं. सकाळी साडेसहाला सुरू केलं, अर्धं डेक टणटण वाजलं तेव्हा बरं वाटत होतं, मग उजव्या बाजूच्या दुसऱ्या खांबापाशी आलो आणि आवाज एकदम बसला. खडूची रेघ मारत गेलो तर दीड फूट लांब आणि फूटभर रुंद असा डाग तयार झाला, आकार पेरूच्या पानासारखा. बोल्ट काढला, भोकात लाकडी काडी घातली तर ती आत रुतली, आणि बाहेर काढली तर तिच्या मागोमाग चहाच्या रंगाचं पाणी आलं. चार-पाच थेंब नाही, चांगली धार, साचलेल्या डबक्यासारखा वास. मी तसाच गुडघ्यावर बसून बघत राहिलो. सहा वर्षं ह्या बोटीवर माझी माणसं घेऊन फिरतोय आणि हे पायाखाली होतं.

दुसरा एक डाग मास्टपुढच्या (डोलकाठीपुढच्या) हॅचच्या कोपऱ्यात आहे, तळहाताएवढा. बाकी सगळं कोरडं.

आता काय करू सांगा, रविवार मोजत नाही आता.

---

सागरवेडी | २४ नोव्हेंबर, रात्री ८:५०

आमच्याकडे म्हणतात तसं, घाई करू नको मरे, होडी खंय पळान जाता? हिवाळा पुढे पडलाय. वेळेत कळलं याचं समाधान माना.

---

फायबर_मिस्त्री | २५ नोव्हेंबर, दुपारी १:३०

तळहाताएवढ्या डागाचं सोपं. वरच्या थराला भोकं पाडा, खालचा थर फोडायचा नाही, आठ-दहा दिवस पूर्ण वाळू द्या, रात्री झाकायचं, दिवसा उघडं. मग पातळ इपॉक्सी सिरिंजनं भरा, एका भोकातून घातलं की शेजारच्या भोकातून वर यायला लागेपर्यंत.

मोठा डाग उघडावाच लागेल. ग्राइंडरला पातळ ब्लेड लावून वरचा थर चौकोनी कापा, कड शक्यतो नक्षीच्या बाहेर, गुळगुळीत पट्टीत येऊ द्या म्हणजे नंतर जोड लपवता येतो. झाकणासारखा उचला आणि जपून ठेवा, तोच परत बसवायचाय. कुजलेलं सगळं खरवडून काढा, पांढरं कोरडं लाकूड लागेपर्यंत. नवीन बाल्सा इकडे मिळणं कठीण, मरीन प्लाय वापरा पण अख्खा तुकडा नको, चार-चार इंची चौकोन करा, मधल्या फटीत इपॉक्सी भरा. उद्या एका चौकोनात पाणी गेलं तरी शेजारच्यात जाणार नाही. झाकण परत चिकटवायला इपॉक्सीत सिलिका पावडर घालून श्रीखंडासारखं घट्ट करा. जोडाला दोन्हीकडून उतार द्यायचा, थराच्या जाडीच्या बारापट. तीन मिलिमीटर जाडी असेल तर छत्तीस मिलिमीटर रुंद उतार, आणि त्यावर फायबरचं कापड एकावर एक रुंद करत जायचं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, बोल्टची भोकं. प्रत्येक भोक मोठं करा, आजूबाजूचं थोडं बाल्सा कोरून काढा, घट्ट इपॉक्सी भरा, कडक झालं की त्याच्या मधोमध बोल्टच्या मापाचं नवं भोक. म्हणजे बोल्ट इपॉक्सीतून जातो, लाकडाला शिवतच नाही. पाणी आलंच तरी आत पसरणार नाही. बांधतानाच हे केलं असतं तर तुमच्यावर ही वेळ आली नसती.

इपॉक्सी मगमध्ये ठेवून गप्पा मारत बसू नका, आपल्या हवेत पंधरा मिनिटांत मग तापून धूर निघतो. पसरट ताटलीत ओता.

---

नवखा_शिडवाला | २६ नोव्हेंबर, सकाळी ११:००

शिकतोय सगळं. एक शंका, लाकूड इतकं नाजूक असेल तर आत लाकूड घालायचंच कशाला?

---

तांडेलाचा_नातू | २६ नोव्हेंबर, दुपारी १२:४०

लाकूड नाजूक नाही हो, त्याला हवापाणी लागू दिलं की त्रास. आपल्या नौदलाची म्हादेई गोव्यात बांधली, २००९ मध्ये नौदलात आली, ती लाकूड आणि फायबरचीच, आणि त्याच बोटीतून कमांडर दिलीप दोंदे एकट्यानं जग फिरून आले, नंतर अभिलाष टॉमी न थांबता फिरून आले. नीट बंद केलेलं लाकूड फार इमानी असतं.

---

जयगडखाडी | २ जानेवारी, रात्री ९:५५

महिनाभर गायब होतो, पण काम चालू होतं.

मोठा डाग उघडला. आतलं बाल्सा चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं, बोटांनी निघत होतं. बारा दिवस वाळत ठेवलं. मंडपवाल्याकडून ताडपत्री भाड्यानं आणून बोटीवर मांडव घातला, आधी झावळ्या टाकल्या होत्या पण त्यातून सारखा भुसा पडतो, काढून टाकल्या. प्लायचे चौकोन बसवले, झाकण चिकटवलं आणि दाब द्यायला वर प्लास्टिक पसरून जांभ्याचे सहा चिरे ठेवले. सकाळी चिरे काढले, ठोकून बघितलं, टणटण. बायकोला हाक मारून बोलावलं आणि तिला पण ठोकायला लावलं.

सगळे खांब, क्लीट, विंच उतरवले आणि चाळीसच्या वर भोकं मिस्त्रीसाहेबांच्या पद्धतीनं भरली. कंटाळवाणं काम आहे पण एकही सोडलं नाही.

आता रंगाकडे वळतोय. इपॉक्सी वाळल्यावर त्यावर मेणचट तेलकट असा काहीतरी थर आलाय, तो काय आहे?

---

फायबर_मिस्त्री | ३ जानेवारी, सकाळी १०:२०

शाब्बास. तो थर इपॉक्सीच्या हार्डनरमधून हवेतल्या ओलाव्यानं येतो, दमट हवेत जास्त. थिनरनं पुसू नका, पसरतो. साधं गोडं पाणी आणि भांडी घासायची हिरवी घासणी, दोनदा धुवा, मग घासकाम.

बाकी डेकचा क्रम नीट लक्षात ठेवा. आधी साबणानं धुणं, मग सॉल्व्हंटनं मेण काढणं, मग पॉलिशपेपर. उलटं केलंत तर मेण ओरखड्यांच्या आत घासलं जातं आणि रंग धरत नाही. दोन फडकी, एक ओलं आणि लगेच मागून एक कोरडं, फडकं सारखं बदला. पेपर ऐंशी नंबर, उरलेल्या नक्षीच्या खोबणीत वायरब्रश. मग इपॉक्सी प्रायमर.

मास्किंग टेप लावताना खरखरीत भागाचे कोपरे गोल करा. चौकोनी कोपरा आधी उचलतो. वाटी उपडी ठेवून कापलंत तरी छान येतो. प्रत्येक खांबाभोवती, हॅचभोवती आणि कडेनं इंचभर गुळगुळीत पट्टी सोडायची, पाणी त्यातून वाहून जातं आणि बुडाखाली सीलंट नीट बसतं.

पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. साधा धुळीचा मास्क चालत नाही, कोळशाच्या फिल्टरचा लागतो. घरात कुणाला दमा असेल तर त्यानं जवळ येऊ नये. स्प्रे तर अजिबात करू नका, रोलरच. आणि कोरडी सिलिका वाळू हाताळताना, झाडतानाही मास्क हवा, ती धूळ फुप्फुसात राहते.

---

सागरवेडी | ३ जानेवारी, दुपारी ४:१५

रंग फिका घ्या, पण पांढराशुभ्र नको, दुपारी डोळे दिपतात. साईच्या रंगाचा किंवा फिका करडा. मे महिन्यात अनवाणी चालता आलं पाहिजे.

आणि वेळ सांभाळा. जानेवारीत आपल्याकडे दंव इतकं पडतं की सकाळी डेक धुतल्यासारखं असतं. साडेनऊ-दहापर्यंत ते वाळतं आणि साडेबारा-एकला खारा वारा सुटतो, तो रस्त्यावरची तांबडी धूळ घेऊन येतो. तुमच्या हातात मधले अडीच तास आहेत. दुपारनंतर लावलेल्या रंगावर संध्याकाळचं दंव बसलं की चकाकी जाते, डागळतो.

---

जयगडखाडी | १९ जानेवारी, रात्री ८:३०

झालं. आता सविस्तर.

पहिला हात साडेदहाला सुरू केला, एका वेळी दोन हात लांबीचा तुकडा. मी रोलर मारत पुढे आणि भाऊ मागून वाळू पेरत. हो, तोच भाऊ, त्याला हे काम स्वतःच करायचं होतं. वाळू रंगात ढवळली नाही, ओल्या रंगावर पेरली, अगदी रंग दिसेनासा होईपर्यंत, रांगोळीचा गालिचा भरतात तशी. सुरुवातीला मी त्याला कमी टाक म्हणत होतो आणि तिथे ठिपकेठिपके झाले, मग भरपूर टाकली तिथे एकसारखं झालं. म्हणजे कंजुषी करायची नाही, जेवढी रंगाला धरायची तेवढीच धरते.

दुसऱ्या दिवशी मऊ झाडूनं उरलेली झाडून घेतली, पाच किलोतली जवळजवळ दोन किलो परत निघाली. मग वरून दोन हात नुसत्या रंगाचे. एका हातानंतर ती पॉलिशपेपरसारखी बोचत होती, दुसऱ्यानंतर टोकं जरा मऊ झाली, आता तळहात दाबून फिरवला तर अडतो पण सोलत नाही. सगळं मिळून नऊ चौरस मीटरला तीन लिटर रंग गेला. शेवटच्या हाताचा रंग अर्धवट ओला असतानाच टेप काढली, कड सुरीनं कापल्यासारखी आलीय.

एक गोष्ट बिघडली. डाव्या बाजूला मास्टच्या वायरी जिथे डेकला येतात तिथे रंग मारला की मागे सरायचा, नाण्याएवढे गोल गोल खड्डे पडायचे. तीनदा मारला, तीनदा तेच.

---

फायबर_मिस्त्री | २० जानेवारी, सकाळी ९:४५

तिथे आधी कुणीतरी सिलिकॉन लावलं असणार. दिसत नाही पण असतं, आणि त्यावर कुठलाच रंग बसत नाही. तेवढा भाग खरवडून पार फायबरपर्यंत न्या, सिलिकॉन काढायचं खास रसायन मिळतं त्यानं पुसा, दर वेळी नवीन फडकं, आणि पुन्हा प्रायमरपासून सुरू करा. खांब परत बसवताना सिलिकॉन हातात पण धरू नका. ब्यूटिल टेप (चिकट रबरी पट्टी) वापरा, बोल्ट एकदम आवळू नका, दोन-तीन दिवसांत थोडा थोडा आवळत जा.

---

नवखा_शिडवाला | २० जानेवारी, सकाळी १०:३०

वाळूनं गुडघे सोलत नाहीत का? आमच्याकडे लहान मुलं असतात बोटीवर.

---

सागरवेडी | २० जानेवारी, दुपारी १:००

सोलतात, म्हणून बसायच्या जागा आणि कॉकपिटच्या कडा गुळगुळीतच ठेवायच्या. मुलं असतील तर वाळूऐवजी प्लास्टिकचे बारीक गोल मणी मिळतात ते पेरा, पकड थोडी कमी पण कातडीला माया करतात. पूर्वी काही लोक ओल्या रंगावर साखर पेरायचे आणि वाळल्यावर पाण्यानं विरघळवून टाकायचे, बारीक खड्डे राहतात. तेही चालतं, पण मुंग्या लागायच्या आत धुवा.

---

जयगडखाडी | १४ फेब्रुवारी, रात्री १०:१०

परवा माघी पौर्णिमेच्या उधाणाला पाण्यात उतरवली. सिलिकॉनची जागा मिस्त्रीसाहेबांनी सांगितलं तशी केली, आता बसलाय रंग.

आज जयगडहून बाहेर पडलो, दीपगृहाच्या पुढे गेल्यावर दुपारचा वारा चांगला लागला, पाणी नाळेवरून येत होतं. पुढचं शीड उतरवायची वेळ आली तेव्हा मी उठत होतो तर भाऊ म्हणाला मीच जातो. अनवाणी गेला. मी सुकाण्यावरून त्याच्या पायाकडेच बघत होतो. बोट कलली, डेकवरून पाणी वाहून गेलं, त्याची टाच जिथे टेकली होती तिथून हलली नाही. शीड गुंडाळलं, बांधलं आणि तो चालत परत आला.

मिस्त्रीसाहेब, सागरवेडीताई, तांडेलाचा_नातू, तुम्ही कधी जयगडला आलात तर आधी कळवा, खाडीतली कालवं आणि आमच्या घरचं जेवण.

---

तांडेलाचा_नातू | १४ फेब्रुवारी, रात्री १०:४०

वाचून डोळ्यात पाणी आलं दादा. येणार नक्की.

आमच्याही बोटीचं करायचंय आता, तेवढं एक सांगा, वाळू एकसारखी पेरायला काय वापरलंत? चाळणी?

---

जयगडखाडी | १४ फेब्रुवारी, रात्री १०:५५

चाळणीतून भसकन पडते. पावडरीचा रिकामा उभा डबा घेतला, पत्र्याच्या झाकणाला खिळ्यानं पंचवीस-तीस भोकं पाडली, आतून बाहेर ठोकायची म्हणजे आत धार राहत नाही आणि वाळू अडत नाही. हात डेकपासून दीड फूट वर ठेवायचा आणि वाऱ्याकडे पाठ. डबा ठेवलाय जपून, हवा तर मुरूडला पाठवतो.